चार राजे हरावेत म्हणून

"शक्यता शून्य नाही ना? मग आहे!" असं म्हणत डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पत्ते उचलायचे.

बर्मिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलात ते भूल द्यायचे, मी एक्स-रे काढायचो. घाबरलेल्या पेशंटला ते आठवडाभर समजावत, "इतकी बारीक शक्यता, ती तुमच्याच वाट्याला कशाला येईल?" शनिवारी दुपारी कसिनोत पोकरला बसले की मात्र त्याहून बारीक शक्यता आज आपल्याच वाट्याला येणार, याची त्यांना खात्री असे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भूल देणारा बहुधा नसेल.

तिथे बॅड बीट जॅकपॉट असतो. चार राजे किंवा चार एक्के असा जबरदस्त हात येऊनही जो हरतो, त्याला मोठा वाटा. उरलेला जिंकणाऱ्याला आणि टेबलावरच्या बाकीच्यांना. म्हणजे आधी नशीब फळफळायला हवं आणि लगेच फुटायलाही हवं.

"डॉक्टर, लोक इथे जिंकायला येतात," मी म्हणायचो.

"जिंकतो हो कुणीही. असं हरायला क्वालिटी लागते!"

चेष्टा पुरे. त्यांना तो जॅकपॉट वहिनींसाठी हवा होता. वहिनींचे गुडघे कामातून गेलेले, बेडरूम वर आणि जिना खडा. जॅकपॉट लागला की वॉटफर्डला, मुलीच्या शेजारी, तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा, हे त्यांचं पक्कं ठरलं होतं.

आणि एका शनिवारी त्यांच्याकडे खरंच चार राजे आले. टेबलावर सगळ्यांसाठी उघडी मांडलेल्या पानांत इस्पिकची ओळीने तीन होती. समोरच्या बसड्रायव्हरने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मलाच भीती वाटली. माझा दंड धरून ते ओरडले, "अहो, हरतोय मी! नक्की हरतोय!"

ते हरलेच. टेबलावरची तीन धरून ड्रायव्हरची इस्पिकची सलग पाच पानं झाली, म्हणजे चार राजांच्याही वरचा हात. टाळ्या सुरू होणार, तेवढ्यात मॅनेजर आला. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्लिश बोलायचं, असा नियम. परक्या भाषेत शेजाऱ्याशी बोललात, जॅकपॉट रद्द.

डॉक्टर उठले आणि एकेकाजवळ जाऊन माफी मागू लागले. आयुष्यभर इंग्लिशमध्ये भूल दिलेला माणूस, आनंद झाला तेव्हा मराठीत बोलला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. निघताना ड्रायव्हरने मला विचारलं, तेव्हा मी त्याला वहिनींच्या गुडघ्यांचं आणि जिन्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मित्राला घेऊन डॉक्टरांच्या घरी हजर झाला आणि दोघांनी वहिनींचा पलंग खालच्या बैठकीत आणून मांडला.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. भेटायला गेलो, तेव्हा वहिनी त्याच पलंगावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "फ्लॅट राहूनच गेला, वहिनी."

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "वॉटफर्डला यांना हरायला अशी माणसं कुठे मिळाली असती?"

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.