येसरला दिलेला एक स्टार

चहा घ्या आधी, कारण हे ऐकताना तो गार होणार. माझी फजिती तुम्ही बाहेरून ऐकलीच असेल, पण बाहेरचे लोक मीठमसाला लावून सांगतात. आमच्या प्रकरणात मसाला मुळातच होता, म्हणून मीच सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, वाळूजच्या कंपनीत मी उभी हयात क्वालिटीत काढली. माल तपासायचा, चांगला असेल तर पास, नसेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला. मॅनेजरचा फोन आला तरी माझी लाल चिठ्ठी निघाली नाही. रिटायर झालो आणि घरी बसलो, तर तपासायला काय उरलं? मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पहिल्याच आठवड्यात बजावलं, "माझ्या भाकरीला चिठ्ठ्या लावायच्या नायत."

मग मला ऑनलाइन बाजार सापडला. काय सांगू, लुटारूंचा नुसता मेळा भरलाय तिथं. फोटोत एक, खोक्यात दुसरं. मी रिव्ह्यू लिहायला लागलो. नाव घेतलं 'जागरूक ग्राहक'. एका टॉर्चबद्दल लिहिलं होतं, 'हा पेटलाय का, हे बघायला मेणबत्ती लावावी लागते.' एका चादरीबद्दल लिहिलं, 'डबल बेडची मागवली, उशीला बरोबर बसली.' त्या चादरवाल्याचा सुरतेहून फोन आला, "अंकल, रिव्ह्यू निकाल दो, दूसरा भेजता हूँ." मी म्हटलं, आधी दुसरी येऊ दे, तपासतो, मग बघू. अजून आलेली नाही.

सांगायचा मुद्दा असा की माझा दबदबा होता. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत कुणाचं पार्सल गंडलं, की तो खोकं घेऊन माझ्या ओट्यावर हजर. डॉक्टरकडं दाखवावं तसं दाखवायचे. मी उलटंसुलटं करून बघायचो आणि तिथल्या तिथं एक स्टार लिहून द्यायचो. अभिमान वाटायचा हो, का वाटू नये? फसलेल्या माणसाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला नको का?

आता मंगलचं ऐका. तिचा महिला बचत गट आहे, ती त्याची अध्यक्ष. गट येसर करतो. तुमच्यातल्या पुण्याकडच्या लोकांसाठी सांगतो, येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला यांचं पीठ. त्याची आमटी लागते. आमच्या मराठवाड्यात लग्नघरी येसर झाल्याशिवाय लग्न लागलंय असं वाटत नाही. आणि मंगलच्या हातचं येसर म्हणजे काय विचारता! त्या बाबतीत मी तिला लग्नापासून पाच स्टार देत आलोय. मनातल्या मनात. तोंडानं कधी बोललो नाही, आपल्यात कुठं पद्धत आहे?

गटासमोर तेव्हा मोठी संधी होती. वेरूळच्या रस्त्यावर काकडे शेठ म्हणून एक हॉटेलवाले आहेत. लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ते येसर आमटी आणि बाजरीची भाकरी देणार होते, आणि दर महिन्याचं सगळं येसर गटाकडून घेणार होते. गटातल्या कितीतरी बायकांच्या घरची चूल त्यावर नीट पेटणार होती. मंगलला झोप लागत नव्हती. घरातलं येसरही संपलेलं, आणि ती गटाच्या कामात बुडालेली.

"डबा रिकामा हाय," मी म्हटलं.

"करते की. वैजापूरला जाऊन आल्यावर करते."

तिच्या भावाची वैजापूरला वास्तुशांत होती, ती आठवडाभर तिकडं चालली होती. मला राग आला. जगाला येसर आणि घरात ठणठण! म्हटलं, थांब, मीच मागवतो. ऑनलाइन शोधलं तर 'रॉयल डेक्कन पँट्री' नावाचं एक दुकान दिसलं. नाव बघूनच संशय आला. येसर विकतोस आणि पँट्री म्हणतोस? पण तपासणी म्हणजे तपासणी. मागवलं.

मंगल वैजापूरला गेली आणि दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. वजन बरोबर, सील बरोबर. पाठीवर पत्ता छापलेला, मुकुंदवाडी. तिथंच चोर पकडला मी! अहो, मी इथं राहतो. या मुकुंदवाडीत रॉयल असं काय आहे? गिऱ्हाईकाला जवळचं वाटावं म्हणून पत्तासुद्धा खोटा छापायला लागले म्हणजे हद्द झाली.

मग आमटी केली. आयुष्यात पहिल्यांदा. लसणाची फोडणी दिली, पाणी ओतलं, पाण्याला खळखळून उकळी आणली आणि वरून येसर घातलं. रीतसर, चमच्यानं मोजून. काय झालं असेल? गुठळ्या! तळाला लाडू आणि वर पाणी. एक गुठळी फोडली तर आतून कोरडं पीठ निघालं.

मी हात धुतले आणि फोन घेतला.

'एक स्टार,' मी लिहिलं. 'येसरच्या नावाखाली भुसा विकला जातो. या लोकांना येसरची गंधवार्ता नाही. माझ्या पत्नीच्या हातचं येसर एकदा चाखलं, तर हे दुकानाला कुलूप लावून तिच्याकडं शिकायला येतील. पत्ताही बनावट आहे. मी स्वतः मुकुंदवाडीत राहतो.'

पाकिटावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि ते फळीवर ठेवलं. सवय आहे, नमुना जपून ठेवायचा.

संध्याकाळी दुकानाचं उत्तर आलं. 'साहेब, येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, मग फोडणीत सोडावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' माझं डोकं भणाणलं. मला शिकवता? जन्मल्यापासून येसर खाणाऱ्याला? मी दुसरा रिव्ह्यू ठोकला. 'माल खराब आणि वर गिऱ्हाईकालाच अक्कल शिकवतात. माझ्या घरी येसरच्या गुठळ्या कधी झाल्या नाहीत.' जे की अगदी खरं होतं. त्या मी करेपर्यंत झाल्या नव्हत्या.

हे सगळं कंपनीच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं. आमचे रशीदभाई लगेच म्हणाले, "जाधवसाब, क्या धोया है उसको!" आणि सगळ्यांनी जाऊन माझ्या रिव्ह्यूखाली 'उपयुक्त' दाबलं. त्यामुळं झालं काय, की त्या दुकानात कुणी डोकावलं की सगळ्यात वर माझाच रिव्ह्यू. छाती फुगली माझी.

रात्री मंगलचा वैजापूरहून फोन आला.

"जेवलात का? काय केलं?"

"येसर आमटी."

"कशी झाली?"

आता बायकोला गुठळ्या कशा सांगणार? "फक्कड," मी म्हटलं. "येसर कुठल्या तरी फालतू दुकानाचं होतं, पण माझ्या हातानं निभावून नेलं."

तिनं फोनच ठेवून दिला. मला वाटलं रेंज गेली.

मंगल परत आली त्या दिवशी दुपारी मी झोपून उठतो तो घरात सगळा बचत गट. सतरंजीवर बायकाच बायका. मंगलची चहाची गडबड, पण चेहरा उतरलेला. तिची मैत्रीण शोभावहिनी, गटाच्या सचिव, मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडंच आलोय. लई मोठं संकट हाय."

"बोला की."

"आमच्या ऑनलाइन दुकानावर एक मेला हात धुऊन मागं लागलाय. काकडे शेठनं ते वाचलं. म्हणत्यात, असं कुणी म्हणत असंल तर मला इचार करावा लागंल. तुमच्यासारखं लिहिणारं कुणी नाय. त्याला असं उत्तर द्या, की पुन्हा तोंड उघडायचा नाय."

काय सांगू, मन भरून आलं. बाजारात इतकी वर्षं गिऱ्हाईकाची बाजू घेतली, आज खऱ्या विक्रेत्याची घ्यायची वेळ आली होती. मी बाह्या सरसावल्या. "दाखवा," म्हटलं, "कोण आहे तो शहाणा?"

मंगलनं फोन माझ्यापुढं धरला. वर लिहिलं होतं, रॉयल डेक्कन पँट्री. खाली, जागरूक ग्राहक.

पंखा चालू असून मला घाम फुटला. "हे तुमचं दुकान?"

"तुम्हाला सांगितलं व्हतं की," मंगल म्हणाली. "नावबी सांगितलं व्हतं. तुम्ही त्या टॉर्चवाल्याला लिहीत बसले व्हते. 'बरं' म्हणले."

म्हटलं असेन. मी 'बरं' कशालाही म्हणतो. मी घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर गिऱ्हाईकालाही हक्क असतो. त्याचीही काही बाजू असेल."

"कसली बाजू? बायको घरात नसताना आमटी करायला गेलेला दिसतोय," मंगल म्हणाली. "लिहा तुम्ही."

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, दुःखात आहेत. काय करणार? लिहायला घेतलं. शोभावहिनी सांगत होत्या, "लिहा, तुझ्या घरात पाण्याचा माठ कुठं असतो ते तरी ठाऊक हाय का तुला?" मी लिहिलं. दुसरी म्हणाली, "लिहा, बायकोचं कौतुक जगाला सांगतोस, तिच्या तोंडावर कधी केलंस का?" तेही लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, हात रंगला माझा. मी माझ्या पदरची दोन वाक्यं घातली. 'आपण येसर खाल्लेले आहे, पाहिलेले नाही. आपल्यासारख्यांनी ताटावर बसावे, चुलीकडे फिरकू नये.' वाचून दाखवलं तर टाळ्या पडल्या. इतकं जळजळीत मी टॉर्चवाल्याबद्दलही लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात मंगल आत गेली आणि फळीवरचं ते पाकीट घेऊन आली. माझ्या लाल चिठ्ठीसकट. तिनं सोबतचं पार्सलचं कव्हर माझ्यापुढं ठेवलं. वर माझं नाव, माझा पत्ता.

"हे लेबल मी चिकटवलंय," ती म्हणाली. "वैजापूरला जायच्या आदल्या दिवशी. ऑर्डर आली तवाच तुमचं नाव बघितलं. कुणालाच काय बोलले नाय. म्हणलं, जाऊ दे त्यांच्याकडं. लग्नापासनं खात्यात. एक घास घेतला की फोन करतील, मंगल, हे तुझ्या हातचं हाय."

बायका हसायच्या थांबल्या. खरं सांगतो, मला लाज वाटली. काकडे शेठची ऑर्डर जाणार म्हणून वाटली, त्यापेक्षा या वाक्यानं जास्त वाटली.

"काढून टाकतो रिव्ह्यू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"अजिबात काढायचा नाय. शेठनं वाचलाय तो. आता काढला तर म्हणतील पैसे देऊन काढला. त्यानला उद्या बोलावलंय मी. आमटी तुम्ही करायची. त्यांच्या डोळ्यांपुढं."

"मी?"

"ज्यानं रिजेक्ट केलं, त्यानंच पास करायचं. तुमच्या कंपनीत असंच व्हतं ना?"

असंच होतं. मी किती वेळा तिला ऐकवलं असेल ते. म्हणजे माझं बोलणं ती ऐकत होती, फक्त मी तिचं ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. शोभावहिनींच्या स्वयंपाकघरात गट भिंतीला टेकून उभा, शेठ खुर्चीत, मी गॅसपुढं. क्वालिटीत असताना जर्मनीहून साहेब यायचे तेव्हाही मी माल एकदाच तपासायचो, इथं येसरचं पाकीट तीनदा तपासलं. एक गुठळी झाली असती तर या सगळ्या बायकांचं काम गेलं असतं. मंगल शेजारी उभी होती. मी येसर भांड्यात घेतलं, गार पाणी घातलं आणि कालवलं. एकजीव होईपर्यंत कालवत राहिलो. मग फोडणीत सोडलं आणि हलवत राहिलो. आमटी घट्ट होत आली, वर तेलाचा तवंग आला, आणि तो वास सुटला. अहो, तो आमच्या घरातला वास होता. तो मला पाकीट फोडतानाच ओळखायला हवा होता.

शेठनी वाटी संपवली, भाकरी कुस्करून दुसरी घेतली. "यात तर एक गुठळी नाय," म्हणाले. "मग तो जागरूक ग्राहक कोण हो?"

सगळी भिंत माझ्याकडं बघायला लागली. मी पळी वर केली. शेठ इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "ह्यांच्या हातानं जमलं म्हणजे माझ्या आचाऱ्याच्या हातानं जमंलच. पुढल्या महिन्यापासनं धाडा."

गट उभा राहिला की नाही? राहिला. आणि मला विचाराल तर त्याचं थोडं श्रेय माझ्या रिव्ह्यूला आहे. आधी पाकिटावर कृती छापलेलीच नव्हती. इथल्या बायकांना वाटायचं, येसर कसं करायचं हे काय कुणी लिहायचं असतं? आता छापतात. खाली एक ओळ मंगलनं स्वतः घातली आहे. 'इतकी सोपी, की आमच्या अध्यक्षांच्या मिस्टरांनाही जमली.' मी ते पाकीट खिशात घेऊनच फिरतो. गल्लीत अजून कुणाच्या नवऱ्याचा उल्लेख छापून आलेला नाही.

परवा नागपूरच्या एका बाईंनी पाच स्टार दिले आणि खाली प्रश्न विचारला, 'असे मिस्टर कुठं मिळतात?'

मी उत्तर लिहायला बसणार, तोवर दुकानाचं उत्तर येऊनही गेलं होतं. मंगलनंच लिहिलं होतं. 'आमच्याकडं एकच नग आहे. तपासून घेतला नव्हता, आणि आता परत करायची मुदत संपली.'

त्याखाली पहिलं 'उपयुक्त' मी दाबलं.