खणपत्र

सकाळपासून आभाळ नुसतं कोंदलेलं. पडतही नव्हतं, उघडतही नव्हतं. पाणीखात्याच्या गोदामात नकाशेकाका रबरी वायसर निवडत बसले होते. अर्ध्या इंचाचे या डब्यात, पाऊण इंचाचे त्या डब्यात. चार महिने हेच.

त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी वरच्या मजल्यावर नकाशे सांभाळले. आधी शाईने पाइपलाइनी गिरवल्या. मग संगणक आला, तेव्हा चाळिशी उलटलेला हा माणूस लेकीच्या कॉलेजच्या वह्या मागून घेऊन काळ्या पडद्यावर कमांडी टाइप करायला शिकला. रोज आठच्या ठोक्याला खोदाईवाल्यांच्या हातात कागद पडायचा: कुठे खणायचं, किती खोल, खाली काय पुरलंय.

मग नवे साहेब आले. "टाइप करत बसायचे दिवस गेले, काका," म्हणाले, आणि काकांची रवानगी गोदामात झाली. संगणकावरचं त्यांचं खातंही बंद केलं. वायसर निवडायला पासवर्ड कशाला?

आज निघताना बायकोने दारातच बजावलं होतं, "खुर्चीचं आज तरी विचारा. तिथे जाऊन मिठाची गुळणी धरून बसू नका."

विचारायला जावंच लागलं नाही. साडेआठला साहेबच जिना उतरून आले. मागे खोदाईचा मुकादम, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"काका, काल नवं मशीन बसवलंय. कागदच निघत नाही. कमांड सापडत नाही म्हणतंय. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही."

चार महिने मनात घोळवलेलं वाक्य काकांच्या जिभेवर आलं: आधी माझी खुर्ची द्या. पण म्हटलं, वर जाऊन बोलू.

वर साहेबांनी स्वतः पासवर्ड टाकला, तोही कीबोर्डवर हाताचा आडोसा धरून. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

पडद्यावर तेच: कमांड नॉट फाउंड. कंपनीच्या माणसाने नकाशे सगळे आणले होते. ते कापणारी, जोडणारी, छपाईला देणारी हत्यारं, म्हणजे छोटे प्रोग्राम, मात्र जुन्या मशीनवरच राहिली होती. घर हलवताना धान्याचे डबे आणावेत आणि शेगडी विसरावी, तसं.

"बिघडलेलं काही नाही, साहेब. हत्यारच नाहीये."

काकांनी एक नेटवरून उतरवून बसवलं. काम पुन्हा चालवलं, तर दुसरं नाही. ते बसवलं, तर तिसरं नाही.

"अहो काका, हे मारुतीचं शेपूट संपणार कधी?" मुकादम कुरकुरला.

चौथ्या वेळी पडद्यावर नाव आलं: खणपत्र.

"हेही उतरवा," साहेब म्हणाले.

"हे नेटवर मिळत नाही."

"मग कुठे मिळतं?"

"माझ्याकडे. मीच लिहिलंय, नऊ वर्षांपूर्वी. माझ्या खात्यात होतं. ते खातं तुम्ही बंद केलंत, म्हणून नव्या मशीनवर आलंच नाही."

काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह होता, त्यात त्याची प्रत. तो मुठीत धरून त्यांनी घसा खाकरला. "साहेब, त्याआधी एक..."

"काका, चौकात पाणी उसळतंय!" मुकादम मध्येच ओरडला. "माणसं कुदळी घेऊन खड्ड्यात उभी आहेत. विजेची केबल कुठनं गेलीय, पत्ता नाही. अंदाजाने घाव घालू देऊ का?"

काकांनी वाक्य गिळलं. पेनड्राइव्ह लावला. दोन मिनिटांत प्रिंटर घरघरला, आणि मुकादम कागद सदऱ्याखाली धरून पळत सुटला.

"आता हे सगळ्यांना चालवता येईल अशा जागी टाका," साहेब म्हणाले. "म्हणजे पुन्हा तुम्हाला त्रास नको."

काकांनी टाकलं.

"आणि काय काय बसवलंत, ते क्रमाने लिहून ठेवा."

तेही लिहिलं, नकाशावर लिहायचे तशा टपोऱ्या अक्षरात. साहेबांनी कागद भिंतीवर टाचला, दोन पावलं मागे सरून पाहिला. "हं. मघाशी काय म्हणत होतात?"

"माझ्या खुर्चीचं म्हणत होतो."

"आता कशाला?" साहेबांनी भिंतीकडे हात केला. "आता सगळं लिहिलेलं आहे की."

काका जिना उतरले. गोदामात पाऊल टाकतात तोच फोन वाजला.

"विचारलंत का?" बायको.

"साहेब स्वतःच बोलवायला आले होते."

"अगंबाई! मग?"

"मग काय? माझ्याच हाताने माझी गरज संपवून आलो."

ती म्हणाली, "डबा तरी खा वेळेवर."

फोन खिशात टाकून काकांनी चष्मा पुसला. एक वायसर उचलला, बोटावर चढवून पाहिला. पाऊण इंची. त्या डब्यात.