उभ्याने आखलेले डोळे

रोह्याहून पेणला एसटीने जाताना नागोठणे यायच्या आत कोणीतरी विचारायचंच, "काय झालं गो तुला?" माझ्या दोन कुबड्या पाहून बायांना राहवायचं नाही. पोलिओ म्हटलं की हळहळ सुरू, मागोमाग लग्नाची चौकशी. मी एकोणीस वर्षांची, जिभेला हाड नाही. एकीला सांगितलं, "मगरीने धरला पाय, इथंच, अंबा नदीत." तिने चटकन मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः लांब जाऊन बसली.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करायची. घरगुती मूर्ती समोर पाटावर घ्यायची आणि बसल्या बसल्या डोळे आखायचे. मंडळांच्या मोठ्या मूर्तींचे डोळे मात्र आमचे मुख्य कारागीर, काका, स्वतः आखायचे, कारण तिथे उभं राहावं लागतं. "तू बस गो. बैठं काम तुझं," म्हणायचे. माया होती, नाही कसं म्हणू? पण त्या मायेचाच मला संताप यायचा. मला एकदा तरी मोठा डोळा आखायचा होता, तळहाताएवढा.

एका वर्षी चतुर्थी तोंडावर आली आणि काकांचा हात थरथरू लागला. रोह्याच्या एका मंडळाची मूर्ती तेवढी राहिली होती आणि टेम्पो दारात उभा. काकांनी दोनदा ब्रश पुढे नेला, दोनदा मागे घेतला.

"मी आखते," मी म्हटलं.

"उभी कशी राहशील?"

"डोळे हातानं आखतात काका, पायानं नाय."

एक कुबडी काखेत ठेवली. दुसरी मूर्तीच्या डोळ्यांसमोर, रंगकामासाठी दोन्ही बाजूंना बांधलेल्या फळ्यांवर आडवी टाकली आणि तिच्यावर मनगट टेकलं. हात जराही हलेना. श्वास रोखून रेघ ओढली. बुबुळं भरली तसा गणपती थेट माझ्याकडे बघू लागला, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

काका त्या आडव्या कुबडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरक गो जरा." तिच्यावर मनगट टेकून ते सोंडेवरची राहिलेली नक्षी करायला लागले. हात थरथरला नाही.

तेवढ्यात मंडळाचा माणूस आत आला. मला बघून हळूच म्हणाला, "पोरीला काय झालंय हो?"

काकांनी मान वर केली नाही. "तिला काय नाय झालं. तुमच्या गणपतीचे डोळे तिनंच आखलेत. कुबडी मला लागतेय."