मसाई पठारावरची चूल

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, झुडपांत पालथा पडलेला एक वीरगळ मला सापडला. लढाईत मेलेल्या कुणाचा तरी तो कोरीव दगड मी आमच्या भटकंतीच्या गटाच्या प्रमुखाला मोठ्या विश्वासानं दाखवला. आठवड्यात पेपरात फोटो आला. वीरगळावर हात ठेवून उभा तो, शोधही त्याचाच. माझं नाव कुठंच नव्हतं. मी डूख धरला.

हिवाळ्यात त्याला पठारावर नवीनच घबाड लागलं. जांभ्या दगडांचं वर्तुळ, आत राख आणि जळकी हाडं. मी बघताक्षणी ओळखलं. दिवाळीनंतर शिवाजी पेठेतल्या आम्हा मित्रांचं रस्सामंडळ तिथंच जमलं होतं. वाऱ्यानं चूल पेटेना म्हणून ते दगड मीच रचलेले. मटणाची हाडं आम्हीच जाळात टाकलेली.

"काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"लई जुनं दिसतंय की, सर."

त्यानं लगेच पत्रकारांना पठारावर बोलावलं आणि छाती काढून आदिमानवाची चूल समजावून सांगितली. मी पुढं उभा राहून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मग मोबाईल काढून सगळ्यांपुढं फोटो धरला. तेच वर्तुळ, त्यावर तांबड्या रश्श्याचं पातेलं, शेजारी पळी घेतलेला मी.

सगळे फोटोकडं बघत होते, मी त्याच्या तोंडाकडं.

"सर," मी म्हणालो, "ह्या शोधात तरी माझं नाव घाला की."