जेनीने घेतलेला कॉल

मी अमावस्येला नखं कापणारी बाई. भूतखेत म्हटलं की आधी हसणारी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण खरा राग दुसऱ्याच कुणावर आहे, ते पुढे कळेल.

चारकोपला तळमजल्यावर आमचं वन रूम किचन. घरात मी आणि बाबा, दोघंच. माझं काम वर्क फ्रॉम होम — ऑस्ट्रेलियातल्या एका वीज कंपनीच्या ग्राहकांचे कॉल घ्यायचे. भिंतीवरचं घड्याळ आपलं, लॅपटॉपवरचं सिडनीचं. आमच्याकडे दूधवाला येतो तेव्हा तिथे दुपारची जेवणं चाललेली असतात. फोनवर माझं नाव जेनी. मागून घरातला आवाज गेला की मार्क कापतात. म्हणून मी जरा जवळ बसावं यासाठी बाबा पलंगावरून मालवणीत म्हणायचे, "गो बायो, वायच हंय बस," तेव्हा मी नुसता पंजा दाखवायची. थांबा, कॉल चालू आहे. रोज तेच.

त्या सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. मी हेडसेट टेबलावर फेकला. लॉगआऊट करायचं सुचलंच नाही. दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि शेजारच्या सावंतकाकांच्या रिक्षातून थेट हॉस्पिटल गाठलं. आयसीयूच्या दारात वॉचमनने अडवलं. "मॅडम, आत नाही जायचं." मी बाहेर बाकावर बसून राहिले. आत बाबा एकटेच गेले.

तेरावं उरकून कामावर आले तर टीम लीडर सागरचा फोन. हा मुलुंडला घरी बसून आमच्यावर लक्ष ठेवतो.

"ऐक ना, त्या दिवसाची तुझी सुट्टी रिजेक्ट झालीय."

"सागर, त्या दिवशी माझे बाबा वारले रे!"

"मान्य यार, पण सिस्टीममध्ये तू पूर्ण शिफ्ट लॉगिन आहेस. कॉल घेतलेस, रेटिंग पण झकास. त्यातला एक तर मी टीमला नमुना म्हणून ऐकवणार आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी मला ऐकव.

त्याने स्क्रीन शेअर करून रेकॉर्डिंग लावलं. आवाज माझाच. कस्टमर कुणी म्हातारी बाई, त्याच सकाळी तिच्या गल्लीतली वीज गेली होती. जेनीने तिला गोड बोलून थांबवलं आणि म्यूट केलं. म्यूट केल्यावर कस्टमरला काही ऐकू जात नाही, पण आमच्या बाजूचं रेकॉर्डिंग चालूच राहतं.

त्या शांततेत बाबा खोकले. मग म्हणाले, "गो बायो, वायच हंय बस."

खुर्ची मागे सरकली. पावलं वाजली. आणि माझाच आवाज आला — "इलंय, बाबा." पलंग करकरला.

स्क्रीनवर सिडनीची वेळ होती. मी हिशेब करून आपली काढली. बाबा गेले ती वेळ. घर बंद होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि मी त्या बाकावर होते.

आयटीवाले म्हणाले, जुनं रेकॉर्डिंग मिक्स झालं असेल. मग जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच सकाळी गेलेल्या विजेची तक्रार कशी? कुणी म्हणालं, एआय असेल. एआय खुर्ची सरकवून उठतं का हो?

मी सागरला म्हटलं, मला फक्त तेवढा तुकडा दे. बाकीचं गेलं खड्ड्यात, सुट्टीही नको.

"नाही देता येणार गं. क्लायंटचा डेटा आहे."

माझ्या बापाचा शेवटचा आवाज क्लायंटचा डेटा! रेकॉर्डिंग ठेवायची मुदत संपली की तो आपोआप डिलीट होणार.

ती जेनी कोण होती, मला आजही माहीत नाही. भीती मुळीच वाटत नाही, संताप होतो. तिला उठून बाबांजवळ बसायला मिळालं. मला कुणी बसू दिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि त्याआधी रोज कॉल चालू असतानाही नाही.