नाल्यातला डोह

मूल गावाजवळच्या नाल्याचं खोलीकरण चालू होतं, तेव्हा पोकलेन चालवणारा तो माणूस मला रोज भेटायचा. केबिनमध्ये चढताना चपला खाली काढून ठेवायचा. मशीन सुरू करण्याआधी पुढचं पात्र अनवाणी चालून यायचा. या फेरीत अर्धा तास जायचा आणि कामावरचा इंजिनिअर म्हणून मी चिडायचो. तो वाद घालायचा नाही. "पाहून राह्यलो, साहेब," एवढंच म्हणायचा.

एका सकाळी अर्जुनाच्या झाडांखालच्या डोहाशी त्याने मशीन बंद केलं. बाकी नाला कोरडा पडला होता, पाणी तेवढं तिथेच उरलं होतं.

"साऱ्या नाल्याचे मासे इथी येऊन थांबले हायेत. हे खोदलं तं पावसात वर चढाले एकबी उरनार नाई."

"नकाशात सरळ खोदायचं आहे," मी म्हणालो.

त्याने किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "मंग तुमी चालवा. माह्याच्यानं होत नाई."

आवाजात राग नव्हता. मी डोहाच्या काठाशी जाऊन पाण्यात पाहिलं आणि किल्ली परत दिली. डोह तसाच सोडून आम्ही पुढे गेलो.

तपासणीला आलेल्या साहेबांनी हा तुकडा का सोडला म्हणून विचारलं. खडक लागला, असं सांगून मी मोकळा झालो. त्यांची गाडी गेल्यावर तो जवळ आला.

"साहेब, खडक काऊन सांगितला? मासे हायेत म्हनून सांगाचं होतं. त्यायले बी समजलं असतं."

खरं सांगायचं तर, मला ते सुचलंच नव्हतं.