आठ दिवसांचं खुराडं

इस्पितळाच्या धुलाईघरात सगळे तिला इस्त्रीबाई म्हणायचे. दिवसाला तीनशे चादरी तापलेल्या रुळाखालून काढायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, आणि एखादीला सुरकुती राहिलीच तर ती आपल्या कपाळावर घेऊन फिरायची, असा तिचा खाक्या. घरी आली की हीच बाई गॅलरीत फतकल मारून बसायची आणि सात कोंबड्यांशी तासभर गप्पा मारायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला कोंबड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. "तुझ्या मैत्रिणींनी आज पुन्हा माझ्या चपलेवर सही केलीय," एवढंच तो म्हणायचा आणि निमूटपणे चप्पल धुवायला जायचा.

तीन वर्षं अशी छान गेली. मग खालच्या मजल्यावरून तक्रार आली आणि इमारतीच्या समितीनं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत कोंबड्या हलवा. हलवायच्या कुठे? मोठ्या दिरांची एक रिकामी जागा होती, गावाबाहेर, बसनं पाऊण तासावर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. इस्त्रीबाईला सुट्टी फक्त रविवारची. नवरा तर दिवसरात्र फोनला बांधलेला, कोण कुठल्या मजल्यावर अडकेल याचा नेम नाही. म्हणजे आठवड्यातून एकदाच जाणं होणार, आणि मधले सहा दिवस कोंबड्यांनी आपलं आपण बघायचं. नाही जमलं तर त्या चिकनवाल्याकडे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र घरात कुणी काढत नव्हतं.

"तू रोज त्यांचं काय काय करतेस ते लिहून दे," नवरा म्हणाला. "एकूण एक काम लिही. प्रत्येक कामाला मी बिनपगारी माणूस उभा करतो."

"तुम्ही लिफ्टचे डॉक्टर हो. कोंबड्या बटण दाबल्यावर वर-खाली होत नाहीत."

"तू लिही तर खरं."

तिनं लिहिलं. अकरा कामं झाली. आणि त्या माणसानं तीन रविवारांत जे उभं केलं ते बघून तिनं तोंडात बोट घातलं. खुराडं कमरेइतक्या उंचीवर, चार लोखंडी पायांवर. प्रत्येक पायाला पत्र्याची उपडी टोपली, म्हणजे उंदीर वर चढू बघेल तर तिथेच डोकं आपटेल. दाणे एका जाड पाइपात, कोंबडी जेवढे खाईल तेवढेच खाली सरकणार. पाण्याच्या पिंपाला चोचीनं दाबायच्या तोट्या. तळाला वीतभर भुसा, तो सहा महिने बदलायला नको. अंड्यांची जागा किंचित उतरती, अंडं घातलं की हळूच घरंगळून बंद खणात. तिनं एक अंडं ठेवून पाहिलं. ते इतक्या अदबीनं गेलं की तिला हसू आवरेना. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्या डोक्यात हे सगळं होतं, आणि आपण त्याला गॅसची नळी बदलायलासुद्धा तीनदा सांगत होतो, असं तिच्या मनात आलं.

पण त्याचा खरा जीव होता दारात. पत्र्याचं दार, वरून खाली सरकणारं. अंधार पडला की त्याच्या छोट्या डोळ्याला कळणार, दार आपोआप खाली येणार आणि उजाडलं की वर जाणार. कुणी मध्ये असेल तर हलकेच टेकून परत वर, आणि पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. उमेदवारीच्या दिवसांत त्याचं अर्धं बोट लिफ्टच्या दारात गेलं होतं. तेव्हापासून कुणालाही चिरडणारं दार त्यानं कधी बसवलं नाही. मग ते कोंबडीचं का असेना.

रविवारी कोंबड्या तिकडे नेल्या. संध्याकाळपर्यंत थांबून दार बघायचं ठरलं होतं, पण चारलाच फोन आला, कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दोघं तसेच निघाले.

सोमवार, मंगळवार इस्त्रीबाईनं कसेबसे ढकलले. जीव टांगणीला लागलेला. बुधवारी कामावरून सुटताच तिनं घराची बस सोडून दुसरीच बस पकडली. पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. सातही कोंबड्या जिवंत! तिचा जीव भांड्यात पडला. आता त्या आत कशा जातात तेवढं पाहून निघावं म्हणून ती पाण्याच्या टाकीआड उभी राहिली.

आणि तिनं जे पाहिलं ते तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणी हाक मारली नाही, हाकललं नाही, दाणे दाखवले नाहीत. उजेड एका ठरावीक जागी आला मात्र, कोंबड्या उकरायच्या थांबल्या. आधी तुरेवाली, मग दोघी काळ्या, मग बाकीच्या. कुणाचा पाय कुणावर नाही. फळीवरून वर, दारातून आत, उंच दांडीवर. धुलाईघरातली माणसं सुटीच्या वेळी दारातून अशी बाहेर पडली तर!

सातवी मात्र आत गेली नाही. ती म्हातारी, तिच्या लाडाची, एका पायानं अधू. फळी चढून ती उंबऱ्यावर आली आणि तिथेच बसली. दार खाली आलं, तिच्या पाठीला टेकलं, परत वर गेलं. इस्त्रीबाई जवळ गेली तर उंबऱ्यावर शिटांचा ढीग. तीन रात्री ही इथेच झोपली होती आणि तीन रात्री दार सताड उघडं होतं. कुंपणाच्या भिंतीवर एक दांडगा बोका पंजे चाटत बसला होता. त्याला घाई नव्हती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, दार लागत नाहीये. म्हातारी उंबऱ्यावर बसलीय."

"मग लागणारच नाही. पण ती आत का जात नाही? यादीत तर..." तो थांबला. "घरी ती आपली आपण जायची ना?"

घरी ती आपली आपण जात नसे. दांडी तिला उंच पडे, म्हणून रोज संध्याकाळी इस्त्रीबाई तिला दोन्ही हातांनी उचलून वर ठेवी. ते काम आहे हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून ते यादीत नव्हतं.

"मी उचलायची तिला," ती म्हणाली. "रोज."

मग तो हळू म्हणाला, "उरलेलं लाकडी खोकं टाकीजवळ आहे. ते दांडीखाली आडवं टाक, पायरी होईल. आणि अगं, तिला उचलू नकोस."

खुराड्याचं मागचं झाकण उघडून खोकं आत ठेवायला ती वाकली तशी म्हातारीनं ओळखलं. पंख किंचित पसरून, मान वर करून ती उभी राहिली, रोज राहायची तशी. इस्त्रीबाईनं तोंड फिरवलं. एवढं जड काम तिनं धुलाईघरातही केलं नव्हतं. फोन खांद्यानं कानाशी दाबून, बोक्याला एक दगड भिरकावून, ती टाकीआड येऊन उभी राहिली.

"गेली का?"

"नाही."

दार आलं, टेकलं, गेलं.

"आता?"

"नाही हो. माझ्याकडेच बघतेय."

"बघू दे."

अंधार दाट झाला. पाच मिनिटं गेली, आणखी पाच गेली. नवऱ्यानं फोन ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुठेतरी कुणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं, तरी ठेवला नाही. म्हातारीनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा आत. मग अधू पाय ओढत ती आत वळली. खोक्यावर नखं खरखरली. थोडा वेळ काहीच नाही. मग पंखांची एक मोठी फडफड, आणि दांडीवरच्या बाकीच्या जणी कुरकुरत बाजूला सरकल्याचा आवाज.

दार खाली आलं. या वेळी ते वर गेलं नाही.

"गेली," इस्त्रीबाई म्हणाली. "अहो, चढली. आपली आपण चढली."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. बघतेय."

बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, नुसतं बंद दार होतं. ती तरी बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात मघापासून पुढेच धरलेले आहेत, एक कोंबडी मावेल एवढं अंतर ठेवून. तिनं ते हळूच खाली घेतले.